धामणखोरी बोलून राह्यली

हिंगणीच्या आठवडी बाजारात कुंताबाईंच्या दुकानापुढे दोन मिनिटं उभं राहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. बाकीच्या भाजीवाल्या ओरडतात, या बाई ओरडत नाहीत. गिऱ्हाईकानं काय मागितलं ते त्या आधी स्वतः म्हणून दाखवतात, "वांगे एक किलो, सांबार दोन जुड्या, बरोबर?" सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर. आणि समोरचा हो म्हणेपर्यंत त्या तराजूला हात लावत नाहीत. दोघं एकदम बोलायला लागले तर त्या गप्प होतात, समोरच्याचं पुरतं होऊ देतात, क्षणभर थांबतात आणि मग आपलं सुरू करतात. शेजारच्या तरण्या पोरी हसतात, म्हातारपणाचा चाळा म्हणतात. मी हसत नाही. ही सवय त्यांना मीच लावली आहे.

मी रूपराव. वर्ध्याला आमच्या खात्याच्या पूरनियंत्रण कक्षात एकतीस वर्षं वायरलेसपुढे बसलो. खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच कुणाच्या शेपटीवर पाय नको. धामणखोरी हे हिंगणीच्या पुढं, जंगलाला लागून असलेलं लहानसं धरण. तिथला वायरलेस ऑपरेटर पुंडलिकराव, आणि कुंताबाई त्याची बायको. अकरा वर्षं त्या धरणावरून जो आवाज यायचा तो कुंताबाईंचा, आणि अकरा वर्षं मी रजिस्टरात नाव लिहिलं ते पुंडलिकरावचं. ते नाव तसंच ठेवायचं की खरं करायचं, हा प्रश्न सेलूच्या एका कार्यक्रमामुळं उभा राहिला. म्हणून हे लिहायला बसलो.

वायरलेस म्हटलं की आजकालच्या पोरांना इंटरनेटचा डबा आठवतो, तेव्हा आधी थोडं समजावून सांगतो. आमच्याकडे एक काळा सेट, त्याला कुरळ्या वायरीचा माइक आणि छपरावर उंच लोखंडी खांब. माइकचं बटण दाबलं की खांबावरून एक लहर निघायची, सेकंदाला पंधरा कोटींहून जास्त हेलकावे घेणारी. सेकंदाला किती हेलकावे, तीच तिची फ्रिक्वेन्सी. आमच्या लहरीनं नेमके किती हेलकावे घ्यायचे ते दिल्लीहून परवान्यावर लिहून यायचं. पोलिसांची फ्रिक्वेन्सी वेगळी, रेल्वेची वेगळी, जंगलखात्याची वेगळी, आकाशवाणीची वेगळी. सगळ्या एकाच हवेतून जायच्या आणि कुणी कुणाच्या कामात यायचं नाही.

हे मी पुंडलिकरावला फळ्यावर खडूनं तासभर समजावलं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती. त्यानं घरी जाऊन काय सांगितलं देव जाणे. पण पुढं एकदा कुंताबाईंनीच मला सेटवरून विचारलं, "म्हंजे भाऊजी, वांग्याच्या वाफ्यातलं पानी मिरचीच्या वाफ्यात जाऊ नये म्हून मधात वरंबा घालतो, तसंच ना हे?" त्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या, त्यांना तेच सुचणार. मी इतक्या प्रशिक्षणांना बसलो, इतके साहेब ऐकले, याहून सोपं कुणी सांगितलं नाही.

आमच्या आठ धरणांना मिळून फ्रिक्वेन्सी एकच होती. एकानं बटण दाबलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं. दोघांनी एकदम दाबलं तर नुसती चरचर. त्यामुळं आम्हा सगळ्यांना दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय लागली. घरी बायकोचं मी जेवढं ऐकलं नसेल तेवढं गिरडकडच्या धरणावरच्या हिरालालचं ऐकलं, आणि त्या हिरालालला नोकरीभरात मी तीनदाच पाहिलं.

सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार अशा हजेऱ्या असायच्या. मी धरणांची नावं ओळीनं पुकारायचो. प्रत्येकानं पाण्याची पातळी सांगायची, पाऊस सांगायचा आणि शेवटी शेरा. शेरा म्हणजे दार अडकलं, खांब वाकला, असलं काही. खासगी बोलायला सक्त मनाई. तर आमच्या लोकांनी आपला सगळा संसार त्या शेऱ्यात कोंबला. "शेरा, आकाश ढगाळ, धाकटीले सोयरीक आली." "शेरा निरंक, म्हैस व्याली." हिरालाल एकदा म्हणाला, "शेरा, हवा मध्यम, बीबी मायके गई, आलूमें नमक कितना डालना, कोई बताओ." मी दटावायच्या आत धामणखोरीवरून उत्तर गेलं, "चिमूटभर टाका, चाखून पाहा, मंग सांगजा." दुपारच्या हजेरीला हिरालालनं पातळीच्या आधी मिठाचं सांगितलं.

मला त्या आवाजांची फार आठवण येते. लपवण्यासारखं त्यात काही नाही. आता खिशात फोन आहे, त्यात चारशे नंबर आहेत आणि दिवसभरात एकाचाही आवाज येत नाही. नुसते हात जोडलेले फुलांचे फोटो येतात.

पुंडलिकरावचं सांगायचं राहिलं. तो काही मुका नव्हता. पानठेल्यावर अर्धा अर्धा तास गप्पा हाणायचा. जीभ कधीमधी अडखळायची, पण कुणाच्या लक्षातही येत नसे. मात्र माइक हातात आला, बटण दाबलं, की शब्द घशातच बसायचा. आधी रोजंदारीवर लागलेला माणूस, नऊ वर्षं घासल्यावर कायम झाला, आणि नशीब बघा, झाला तो ऑपरेटर. पहिल्या महिन्यात मी "धामणखोरी, धामणखोरी" म्हणून पुकारायचो. पलीकडं बटण दाबल्याचं कळायचं, श्वास ऐकू यायचा, मागं कोंबडी ओरडायची, आणि आकडा काही येत नसे. मी दोनदा चिडलो. तिसऱ्यांदा चिडायच्या आत बाईमाणसाचा आवाज आला.

"लिहून घ्या. पातळी दोनशे चौऱ्याऐंशी पॉइंट तीन. पाऊस बारा मिलिमीटर. शेरा निरंक."

मी विचारलं, कोण बोलतंय.

"धामणखोरी बोलून राह्यली," कुंताबाई म्हणाल्या.

खरं तर तेव्हाच वर कळवायला हवं होतं. परवाना खात्याचा, बोलायचं ते खात्याच्या माणसानं. कळवलं असतं तर पुंडलिकराव पुन्हा रोजंदारीवर गेला असता, नाहीतर घरी बसला असता. मी कळवलं नाही. रजिस्टरात "बोलणारा" असा रकाना होता, त्यात पुंडलिकरावचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशीही लिहिलं. मग हाताला वळणच पडलं.

फुकटचा पगार तो घेत नव्हता, हेही सांगायला हवं. एकशे बारा पायऱ्या उतरून पाण्यातली पट्टी तो वाचायचा, पाऊस तो मोजायचा, दारांना ग्रीस तो लावायचा. कागदावरचे आकडे त्याच्या हातचे आणि त्यात कधी चूक सापडली नाही. बोलणं तेवढं कुंताबाईंचं. मी त्यांना रीत शिकवली. ऐकलेलं आधी परत म्हणायचं, समोरच्याचं झाल्यावर क्षणभर थांबायचं, मगच बटण. पंधरा दिवसांत त्या इतक्या तयार झाल्या की बाकीच्या धरणांवरचे बापे त्यांचं ऐकून सुधारले.

अडचण यायची ती साहेब कक्षात आले की. त्यावर आम्ही तोड काढली. मी "धामणखोरी, आवाज कमजोर येतोय" असं म्हणालो की तिकडं ओळखायचं, मागं कुणीतरी उभं आहे. मग पुंडलिकराव बोलण्याऐवजी बटण नुसतं दाबून सोडायचा. टक टक म्हणजे हो, एकच टक म्हणजे नाही. कालच्या आकड्याच्या आसपासचे आकडे मी एकेक विचारत जायचो आणि बरोबर आला की दोन टक. साहेबांना सांगायचो, बॅटरी उतरली आहे सर. त्या धरणासाठी मी इतक्या बॅटऱ्या मागवल्या की भांडारातला कारकून एकदा म्हणाला, तिथं ट्रॅक्टर चालवून राह्यले का तुम्ही.

अशी आठ वर्षं निभली. मग तो ऑगस्ट आला.

दुपारचे सव्वातीन झाले होते. सकाळपासून डोंगरात पाऊस कोसळत होता. चारच्या हजेरीला अवकाश होता, पण मोठे साहेब स्वतः कक्षात येऊन माझ्या पाठीशी उभे राहिले. वर्ध्याच्या हुकमाशिवाय धामणखोरीची दारं उघडायची नाहीत असा नियम होता. कारण खाली, नाल्याच्या काठालाच एका गावचा बाजार भरायचा, आणि त्या दिवशी नेमका बाजार होता. मी म्हणालो, "धामणखोरी, आवाज कमजोर येतोय." टक टक आलं. साहेबांनी माझ्या हातातून माइक घेतला.

"हे टक टक मला नको. पातळी सांग. तोंडानं सांग."

पलीकडं बटण दाबलं गेलं. श्वास ऐकू आला. सुटलं. पुन्हा दाबलं गेलं, पुन्हा तोच श्वास. मला पुंडलिकराव डोळ्यांपुढं दिसत होता, गळ्याच्या शिरा ताणलेला. साहेबांचा आवाज चढला. "तू बोलणार आहेस की नाही?" बाईंनी तोंड उघडलं तर नवऱ्याची नोकरी जाणार, माझी जाणार. नाही उघडलं तर हुकूम नाही, आणि पाणी हुकमासाठी थांबत नाही.

मग कुंताबाईंचा आवाज आला, रोज यायचा तसाच.

"लिहून घ्या. पातळी दोनशे अठ्ठ्याऐंशी पॉइंट सहा. अर्ध्या घंट्यात तीस सेंटिमीटर चढली. दोन दारं उघडा लागते, पन आत्ताच नाई. खाली बाजारात मानसं आहे. चौकीदार बाबाराव सायकलनं गेला बाजार उठवाले. त्याले वेळ लागते. चार वाजता दारं उघडतो. हुकूम सांगा."

साहेबांनी मान वळवून माझ्याकडं एकदा पाहिलं. मग माइकमध्ये एवढंच विचारलं, "चारपर्यंत धरण थांबेल?"

"थांबीन. पाचपर्यंत नाई थांबत."

"चार वाजता दोन दारं, अर्धा मीटर."

कुंताबाईंनी हुकूम जसाच्या तसा परत म्हणून दाखवला. चारला पुंडलिकरावनं दारं उघडली. नाला भरून वाहिला, बाजारातली चार पालं आणि कांद्याची पोती गेली. माणूस एकही गेला नाही.

संध्याकाळी साहेबांनी मला आत बोलावलं आणि बाई कोण म्हणून विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. साहेब माणूस वाईट नव्हता. बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिला आणि म्हणाला, "आपल्या फ्रिक्वेन्सीवर बाहेरची व्यक्ती बोलली असं लिहिलं तर चौकशी लागेल. तिला बक्षीस नाही, नोटीस मिळेल. नाव ऑपरेटरचं लिहा." मी लिहिलं. पुढच्या सव्वीस जानेवारीला वर्ध्यात पुंडलिकरावला प्रशस्तिपत्र मिळालं, प्रसंगावधान राखून अचूक व स्पष्ट संदेश दिल्याबद्दल. स्पष्ट हा शब्द वाचला गेला तेव्हा त्यानं मान आणखी खाली घातली. कुंताबाई मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली, आणि ती पुढंही कधी गेली नाही.

तीन वर्षांनी पुंडलिकराव निवृत्त झाला. दोघं हिंगणीला आले, दोन एकरांत वांगी, मिरची, सांबार करू लागले. काही वर्षांनी मीही निवृत्त झालो. आता धरणावर खांबाला एक डबा बसवला आहे. तो स्वतः पातळी मोजतो, दर पंधरा मिनिटांनी स्वतः कळवतो. त्याला शेरा नाही. जुने सेट जमा झाले आणि आमची फ्रिक्वेन्सी खात्यानं परत करून टाकली. ती आता कुणाला मिळेल कोण जाणे.

सेलूच्या ऑफिसात आचल नावाची नवी कनिष्ठ अभियंता आली आहे. गुणी पोरगी. तिनं ठरवलं, जुन्या ऑपरेटरांना बोलावून छोटासा कार्यक्रम करायचा आणि जुन्या रजिस्टरांची पानं मोठी करून भिंतीवर लावायची. त्या ऑगस्टचं पान तिच्या हाती लागलं. मला फोन करून म्हणाली, "काका, पुंडलिकराव काकांचा मेसेज किती क्लिअर आहे. त्यांच्याबद्दल चार ओळी लिहून द्या ना."

लिहायला बसलो आणि हात चालेना. नोकरीत होतो तोवर भीती होती, आता ती कसली? एक ओळ लिहिली की बाईंचं नाव भिंतीवर लागत होतं. मी बस धरली आणि हिंगणीला गेलो.

कुंताबाई अंगणात सांबाराच्या जुड्या बांधत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझं पुरतं होऊ दिलं.

"काऊन उकरून राह्यले, भाऊजी?"

"खरं आहे म्हणून."

"खरं तुमाले मालूम आहे, मले मालूम आहे. त्यायले जिंदगीत एकच कागद भेटला. तो खोटा पाडता का? लोक म्हनतीन, बायकोच्या जिवावर नोकरी केली. नाई. त्यायचंच नाव राहू द्या."

"आणि तुमचं?"

गाठ मारता मारता त्यांचा हात थांबला. "मले वाटत नाई असं नाई," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी बोलली तं मीच. कोठी तरी लिहिलं असावं वाटते. पन त्यायच्या नावावर पाय देऊन नाई."

पुंडलिकराव फावडं घेऊन वाफ्याच्या कडेला उभा होता. त्यानं ऐकलं की नाही ते कळलं नाही. मला पाहून म्हणाला, "चहा घेऊन जाजो, रूपराव." मी चहा घेतला, घरी आलो आणि बाईंनी सांगितलं तसं लिहून दिलं.

परवा मंगळवारी सकाळी अकराला कार्यक्रम झाला. आठांपैकी पाच ऑपरेटर उरले आहेत, ते सगळे आले. हिरालाल काठी टेकत आला आणि भिंतीवरच्या पानांपुढं उभा राहून डोळे पुसत राहिला. आचलनं माझ्या चार ओळी वाचल्या, पुंडलिकरावच्या खांद्यावर शाल घातली, आणि मोठ्या मायेनं माइक त्याच्या हातात दिला. "काका, दोन शब्द बोला."

तिला बिचारीला काय माहीत. मला खुर्चीत बसवेना. नको म्हणाला असता तरी चाललं असतं, अशा वेळी सगळेच नको म्हणतात. त्यानं माइक घेतला.

आणि काहीच आलं नाही. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, ओठ मिटून पांढरे झाले. लाउडस्पीकरमधून नुसता श्वास सगळ्या खोलीभर ऐकू येत होता. मागं कुणी खोकलं, एकानं फोन काढला. मी कुंताबाईंकडं पाहिलं. त्या त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर होत्या. त्यांचे ओठ एकदा हलले. मग त्यांनी पदर तोंडावर दाबून धरला आणि तशाच बसल्या. एक मिनिट गेलं असेल, दीड गेलं असेल.

"मी," पुंडलिकराव म्हणाला. पुन्हा श्वास. "मी नाई बोललो."

आचल गोंधळली. तो भिंतीवरच्या पानाकडं बोट दाखवत होता.

"त्या दिवशी मी नाई बोललो. कधीच नाई. अकरा वर्षं... हे बोलली. मी पायऱ्या उतरलो, आकडे आनले. बोलली हे. तिचं नाव... तिचं नाव लिहा. कुंताबाई."

एवढं बोलायला त्याला किती वेळ लागला ते मी सांगू शकणार नाही. फोन काढणाऱ्यानं तो कधीच खिशात टाकला होता. मी उठलो, म्हणालो, रजिस्टरातलं अक्षर माझं आहे, दोष असेल तर माझा आहे. आचलनं माझ्या हातात जाड पेन दिला. भिंतीवरच्या पानात पुंडलिकरावचं नाव मी खोडलं नाही. त्याच्यापुढं "आकडे" लिहिलं, आणि खालच्या ओळीत "आवाज, कुंताबाई". अक्षर वाकडं आलं.

नंतर बसस्टँडवर मला राहवलं नाही. म्हणालो, "वहिनी, जन्मभर त्याला शब्द पुरवला तुम्ही. आज त्याचा जीव जात होता आणि तुम्ही शेजारी बसून होता. एक शब्द सुचवायचा होता."

"जिभेवर आलता," कुंताबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत. "सुचवला असता तं तो माहा झाला असता, भाऊजी. अकरा वर्षं त्यायचं सारं मीच बोलली. आज त्यायचं मले ऐकाचं होतं."

एवढं म्हणून त्या पुढं गेल्या, कारण हिंगणीची बस लागली होती आणि पुंडलिकराव दारात उभा राहून त्यांना हाका मारत होता.